छपरावरील पाण्याचा जमाखर्च

गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी सत्तरी आणि सांगे भागांत तर तो याहूनही अधिक असतो. एवढा पाऊस ज्या भूमीवर कोसळतो तेथे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत बसण्याची पाळी यावी, ही गोष्ट परप्रांतीयास सांगितली तर त्याचा तिच्यावर सहसा विश्वास बसणार नाही. आपल्याला मात्र ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगतीही आता ध्यानात येत नाही. जुलैमध्ये गटारे तुंबली म्हणून आपण ओरडतो, मे महिन्यात नळ कोरडे पडले म्हणून ओरडतो, आणि या दोन ओरडींमध्ये काही नाते असावे अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाही.

या दुखण्यावर अलीकडे एकच औषध सर्रास सुचविले जाते, ते म्हणजे छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवा. सभासंमेलनांतून हा उपदेश होतो, शाळांतून मुलांकडून चित्रे काढून घेतली जातात, आणि ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण पुन्हा एकदा उगाळली जाते. दुसऱ्या बाजूने दुकानांच्या इमारती, हॉटेले, इस्पितळे, कार्यालये आणि कारखाने बांधणारे लोक कुरकुरतात की हा सगळा वरखर्च आहे, त्यातून पैशाचा परतावा नाही. आम्हांस असे वाटते की उपदेश करणाऱ्यांनीही पाटी-पेन्सिल हाती घेतलेली नाही आणि कुरकुरणाऱ्यांनीही नाही. जो विषय मुळात जमाखर्चाचा आहे तो एकाने भक्तीचा केला आहे आणि दुसऱ्याने जुलुमाचा. म्हणून आज आम्ही व्यापारी इमारतींपुरता तरी हा हिशेब वाचकांसमोर मांडून पाहणार आहोत.

पाणी साठविण्याची कला आपल्याला कोणी नव्याने शिकवावी अशी स्थिती नाही. पागोळ्यांखाली हंडे आणि घंगाळे मांडून ठेवणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. आपल्या देवळांपुढील तळ्या या केवळ स्नानसंध्येच्या सोयीसाठी नव्हत्या. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी टिकवून धरण्याचे काम त्या मुकाट्याने करीत आल्या आहेत. आणि व्यापारासाठी पाणी साठविण्याचे उदाहरण हवे असेल तर ते अग्वादच्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १६१२ साली बांधलेल्या या किल्ल्याचे नावच मुळी पाण्यावरून पडले आहे. तेथील टाक्याची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन, म्हणजे सुमारे १ कोटी लिटर सांगतात. लांबच्या सफरीवर निघणारी जहाजे तेथून पाणी भरून घेत. तो खर्च कोणी हौसेखातर केला नव्हता. पाण्यावाचून जहाजे हलणार नाहीत हा रोकडा हिशेब त्यामागे होता. असाच हिशेब आज आपल्या इमारतींना लावता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

एका छपराचे गणित

गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. मडगाव, म्हापसा किंवा पणजी येथील एखादी मध्यम आकाराची व्यापारी इमारत घेऊ आणि तिचे छप्पर १००० चौरस मीटरचे मानू. वर्षाचा ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर तीवर ३० लाख लिटर पाणी पडेल. काही उडून जाईल, काही सांडेल आणि पहिल्या सरींचे धुळीने व पाखरांच्या विष्ठेने मळलेले पाणी सोडून द्यावे लागेल. तरीही शेकडा ८० टक्के हाती लागले तर ते २४ लाख लिटर होते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरल्यास २४० टँकर! हा आकडा ऐकून सभेत टाळ्या पडतात आणि उपदेशकांचे भाषण सहसा येथेच संपते. वास्तविक हिशेबाला सुरुवात येथून व्हायला हवी. कारण हे २४ लाख लिटर पाणी आपल्या सोयीने येत नाही. ते मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येते आणि त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या जून-जुलैत येते. आपल्याला टंचाई भासते ती मात्र एप्रिल आणि मे महिन्यांत.

तेव्हा साहजिकच पहिला विचार सुचतो तो पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवून ठेवण्याचा. आपल्या कल्पित इमारतीला पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी, म्हणजे शौचालये, फरशा, बाग आणि धुलाई यांसाठी, रोज २० हजार लिटर पाणी लागते असे मानू. एप्रिल-मेच्या साठ दिवसांस १२ लाख लिटर लागतील. जमिनीखाली काँक्रिटची टाकी बांधण्यास लिटरमागे १० रुपये खर्च धरला तर ही टाकी १ कोटी २० लाख रुपयांची झाली, आणि तिने अडविलेल्या जागेचे मोल आम्ही अद्याप धरलेलेच नाही. हे पाणी टँकरने घेतले असते तर काय पडले असते? हजार लिटरमागे १५० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार. म्हणजे टाकीचे पैसे फिटायला ६६ वर्षे! येथे धरलेले दर आमच्या मनाने, केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत; वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. दर बदलतील, परंतु निष्कर्ष फारसा बदलणार नाही. पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात उपसायची भली मोठी टाकी म्हणजे नाकापेक्षा मोती जड असा प्रकार आहे. ज्या इमारतीला दुसरा कोणताच पुरवठा नाही तिलाच ती परवडेल.

यातून एक तत्त्व निघते आणि व्यापाऱ्याला ते समजावून सांगण्याची गरज नाही. गोदामात वर्षातून एकदाच माल आला आणि एकदाच उचलला गेला तर त्या गोदामाचे भाडेही सुटत नाही; तेच गोदाम वर्षातून चाळीस वेळा भरून रिकामे झाले तर ते सोन्याची खाण ठरते. पाण्याच्या टाकीचेही असेच आहे. टाकी किती मोठी आहे यापेक्षा ती वर्षातून किती वेळा भरते आणि रिकामी होते याला महत्त्व आहे.

आता तीच इमारत पुन्हा घेऊ. या वेळी फक्त ३० हजार लिटरची टाकी बांधू आणि पडणारे पाणी पावसाळ्यातच वापरू. दमदार पाऊस पडला की टाकी भरेल, दीड दिवसात ती रिकामी होईल आणि पुन्हा भरेल. पावसाळ्याच्या १२२ दिवसांपैकी ४५ दिवसांची गरज जरी तिने भागविली तरी ९ लाख लिटर नळाचे पाणी वाचले. टाकीला ३ लाख रुपये. पन्हळी, नळ, गाळणी आणि पंप यांना २ लाख. एकूण ५ लाख. नळाच्या पाण्याचा व्यापारी दर हजार लिटरला ५० रुपये मानला तर वर्षाला ४५ हजारांची बचत, आणि त्यातून निगराणीचे १५ हजार वजा जाता हाती ३० हजार. म्हणजे साडेसोळा वर्षांत पैसे फिटले. इमारतीत आधीच जमिनीखालची टाकी असेल आणि तिचा एक कप्पा यासाठी मोकळा करता आला, तर खर्च २ लाखांवर येतो आणि पैसे सात वर्षांच्या आत फिटतात. उलट कोणी हौसेने टाकी १ लाख लिटरची केली तर खर्च ७ लाखांनी वाढेल आणि अधिकचे पाणी मिळेल ते सुमारे ६ लाख लिटर. त्या वाढीव खर्चाची फेड व्हायला तेवीस वर्षे लागतील.

हा हिशेब मांडताना आम्ही कोणतीही बाजू झाकून ठेवू इच्छीत नाही. ५ लाख रुपये बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवले तर त्यांचे वर्षाचे व्याज जवळजवळ एवढेच येते. तेव्हा केवळ नळाच्या दराने पाहू गेल्यास नव्या टाकीचा व्यवहार हा ना नफा, ना तोटा असा आहे. जे लोक मालकाला ‘दोन-तीन वर्षांत पैसे वसूल’ असे सांगतात ते त्याची फसवणूक करतात, आणि फसलेला माणूस पुढे चांगल्या सूचनेवरही विश्वास ठेवीत नाही. पण जे लोक हा निव्वळ वरखर्च असल्याचे सांगतात तेही खरे बोलत नाहीत. ज्या इमारतीवर असे छप्पर आहे ती चार मजल्यांची असेल आणि तिच्या बांधकामाला दहा कोटी रुपये लागले असतील, तर हे ५ लाख म्हणजे त्याचा अर्धा टक्का. प्रवेशद्वाराला लावलेल्या संगमरवराला याहून जास्त पैसे पडतात आणि त्याच्या परताव्याची विचारपूस कोणी करीत नाही.

कोणाला परवडेल?

व्यापारी इमारती म्हटल्या तरी त्या सगळ्या एका माळेचे मणी नव्हेत. ज्यांचा पाण्याचा वापर पावसाळ्यात कमी होत नाही त्यांना ही योजना सर्वांत लाभदायक आहे. इस्पितळे, कार्यालये, भाजी-मासळीच्या बाजारांच्या इमारती, बसस्थानके, धुलाई करणारे व्यवसाय आणि औद्योगिक वसाहतींतील कारखाने ही त्यांची उदाहरणे होत. कारखान्यांची पत्र्याची छपरे विस्तीर्ण असतात, त्यांवरून पाणी चटकन वाहते आणि ते गोळा करण्यास खर्च कमी येतो. शिवाय पावसाचे पाणी मुळातच मऊ. त्यात क्षार नसल्याने वातानुकूलन यंत्रांच्या आणि बॉयलरच्या नळ्यांत थर बसत नाही, आणि कपडे धुण्यास साबण कमी लागतो. ही बचत पाण्याच्या बिलात दिसत नाही. ती दुरुस्तीच्या आणि साबणाच्या बिलात दिसते. म्हणून कारखानदाराने हिशेब करताना या दोन्ही वह्या एकत्र उघडाव्यात.

किनाऱ्यावरील हॉटेलांची गोष्ट मात्र उलटी आहे. त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात पाहुणे घटतात, तेव्हा पाणी मुबलक आणि वापरणारे थोडे अशी स्थिती असते. अशा हॉटेलाला छपराखालच्या टाकीपेक्षा दुसरा उपाय अधिक उपयोगी पडतो, आणि तो म्हणजे पाणी जमिनीत मुरविणे. त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

तत्पूर्वी एका प्रसंगाची आठवण देणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे महामार्गाच्या कामाच्या वेळी माती खचून ओपा जलप्रकल्पाच्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या. पणजीसह तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतील लोकांना सलग काही दिवस पाण्यावाचून काढावे लागले. हे सारे घडले ते भर पावसाळ्यात! बाहेर पाऊस कोसळतो आहे, पन्हळीतून पाण्याचे लोट गटारात जात आहेत आणि आत इस्पितळाचे व हॉटेलाचे व्यवस्थापक टँकरवाल्याची मनधरणी करीत आहेत, असे ते विलक्षण दृश्य होते. ज्या इमारतीत त्या वेळी एक साधी टाकी आणि दोन पन्हळी असत्या तिचे शौचालयांचे पाणी तरी अडले नसते. ज्या राजधानीचा पुरवठा बव्हंशी एका नदीवरील एका केंद्रातून आणि एका मार्गाने येतो, तिच्यात असा प्रसंग पुन्हा येणार नाही अशी हमी कोणीही देणार नाही. विम्याचा हप्ता भरताना आपण ‘परतावा किती वर्षांत?’ असे विचारीत नाही. छपरावरील पाण्याच्या हिशेबात हा विम्याचा रकाना असायलाच हवा. ज्यांना एरवीही टँकरवर अवलंबून राहावे लागते त्यांच्या बाबतीत तर तो रकाना नगद आकड्यांत मांडता येतो. वर धरलेल्या टँकरच्या दराने तेच ९ लाख लिटर १ लाख ३५ हजारांचे होतात आणि टाकीचे ५ लाख सव्वाचार वर्षांत फिटतात.

जमिनीच्या पोटातील टाकी

सर्वांत स्वस्त टाकी आपल्या पायाखाली आहे. छपराचे पाणी गाळणीतून आवारातील विहिरीत किंवा मुरवणीच्या खड्ड्यात सोडले, तर काँक्रिटचा खर्च जवळजवळ वाचतो. जांभ्या दगडाच्या पठारांवर पाणी झपाट्याने मुरते. पर्वरी, वेर्णे यांसारखी पठारे ही निसर्गाने घातलेली गाळणीच आहेत, आणि त्यांच्या उतारावरचे झरे त्या मुरलेल्या पाण्यावर वाहतात. आज त्याच पठारांवर इमारती, रस्ते आणि वाहनतळ यांचे काँक्रिट पसरत चालले आहे. काँक्रिटवर पडलेले पाणी मुरत नाही. ते धावत सुटते आणि खालच्या वाड्यावर जाऊन आदळते. पठारावर इमारत बांधणाऱ्याने छपराचे पाणी जमिनीला परत दिले तर त्यात दानधर्म काहीच नाही. तो उसने घेतलेले परत करतो, इतकेच.

किनाऱ्यावर या मुरवणीला आणखी एक महत्त्व आहे. समुद्राजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने किंचित हलके. शास्त्राचा ढोबळ नियम असा की समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल तर त्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी राहते. याची उलट बाजू भयावह आहे. उपसा करून ही पातळी एक फूट खाली नेली तर कालांतराने खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. कळंगुट-कांदोळीपासून कोलवा-बाणावलीपर्यंतच्या पट्ट्यात विहिरी आणि कूपनलिका यांतून व्यापारी उपसा करणाऱ्यांनी हा एक ते चाळीस हिशेब आपल्या कचेरीत भिंतीवर लिहून ठेवावा असे आम्ही सुचवू. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात, आणि ती एका हॉटेलाची नसते, सगळ्या वाड्याची असते.

मात्र मुरवणी सर्वत्र चालत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पणजीच्या सखल भागात किंवा खाजनांना लागून घातलेल्या भरावावर पावसाळ्यात पाण्याची पातळी आधीच जमिनीला टेकलेली असते. तेथे मुरवणीचा खड्डा खणणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे होय. अशा ठिकाणी टाकीच हवी आणि पाणी त्याच हंगामात वापरले पाहिजे. तसेच शोषखड्ड्याच्या शेजारी किंवा वाहनतळावरचे तेलकट पाणी घेऊन केलेली मुरवणी विहिरीला विष पाजते. पाणी छपराचेच हवे, गाळलेले हवे, आणि सांडपाण्याच्या खड्ड्यापासून दूर नेलेले हवे. एकच नकाशा साऱ्या गोमंतकाला लावण्याचा मोह अधिकाऱ्यांनी टाळावा हे बरे.

या उपायाची मोठी अडचण वेगळीच आहे. टाकीतले पाणी मालकाचे असते. मुरविलेले पाणी सगळ्यांचे होते. खर्च एकाचा आणि लाभ शेजाऱ्यांचा अशी ही वाटणी असल्यामुळे, केवळ स्वतःचा हिशेब पाहणारा मालक त्यात पैसा घालणार नाही. गटारांवरचा भार कमी होणे, बाजारपेठेत कमी पाणी तुंबणे, शेजारच्या विहिरी टिकणे हे सारे लाभ समाजाच्या वहीत जमा होतात आणि खर्च मात्र मालकाच्या वहीत पडतो. या दोन वह्यांचा मेळ घालणे हे सरकारचे काम आहे. बाजारभाव ते काम करू शकत नाही.

विसरलेला खर्च

या सर्व हिशेबात बहुधा गाळला जाणारा रकाना निगराणीचा असतो. पन्हळीत पाने साचतात, गाळणीतील वाळू दरवर्षी धुवावी लागते आणि मुरवणीच्या खड्ड्यात गाळ बसून तो दोन-तीन पावसाळ्यांत बुजतो. टाकीचे झाकण निखळले तर तिच्यात डास होतात. मलेरिया पसरविणारा शहरी डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो. ऐंशीच्या दशकात पणजीत मलेरिया फोफावला तेव्हा बांधकामांवरील साठवलेल्या पाण्याचा त्यात हात होता, हे आपण विसरता कामा नये. न सांभाळलेली टाकी ही टाकी नसण्यापेक्षा वाईट असते.

आणि सांभाळायची कोणी? व्यापारी इमारतीची खरी गोम येथे आहे. टाकी बांधतो बांधकाम व्यावसायिक. तो गाळे विकून मोकळा होतो. पाण्याचे बिल भरतात गाळेधारक. त्यांच्यातील निम्मे भाडेकरू असतात आणि त्यांना छपराशी काही कर्तव्य नसते. सोसायटीच्या बैठकीत पन्हळी साफ करण्याचा विषय निघाला की सगळे घड्याळाकडे पाहतात. ज्याने खर्च केला त्याला लाभ नाही, ज्याला लाभ आहे त्याला छपराचा ताबा नाही. मग बांधकामाच्या परवान्यापुरती एक पन्हळ आणि एक खड्डा नकाशावर उमटतो, दाखला हाती पडतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर खड्ड्यावर फुलझाडांच्या कुंड्या येऊन बसतात.

इतर राज्यांचा अनुभव हेच सांगतो. तामिळनाडूने २००३ साली अध्यादेश काढून सर्व इमारतींना ही योजना सक्तीची केली आणि तिचा लाभ सुरुवातीच्या काळात विहिरींच्या पातळीवर दिसलाही. परंतु पुढे अनेक ठिकाणी निगा राहिली नाही, खड्डे गाळाने भरले. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे मोठे जलाशय आटले तेव्हा त्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. बंगळूरने २००९ मध्ये कायदा केला आणि पुढे तो न पाळणाऱ्यांच्या पाणीबिलातच दंड जोडला. धडा साधा आहे. बांधण्याची सक्ती करणे सोपे, चालू ठेवण्याची सक्ती करणे कठीण, आणि पाणी मिळते ते दुसरीतून.

काय करावे?

आमच्या सूचना थोड्या आहेत. पहिली ही की सरकारने आधी आपल्या डोक्यावरची छपरे पाहावीत. पर्वरीच्या पठारावरील सचिवालय, जिल्हा इस्पितळे, कदंबची बसस्थानके, पालिकांचे बाजार आणि औद्योगिक वसाहती यांची छपरे एकत्र केली तर केवढे क्षेत्र होईल! सरकारी इमारतीच्या पन्हळीतून पाणी रस्त्यावर सोडणाऱ्या शासनाला दुकानदाराकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकार राहत नाही.

दुसरी सूचना अशी की तपासणी बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापाशी संपू नये. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी पन्हळी, गाळणी आणि खड्डा पाहून दाखला द्यावा आणि व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण त्याच्याशी जोडावे. तिसरी, टाकीतून वापरलेल्या पावसाच्या पाण्याला वेगळे मीटर बसवावे आणि जो जितके वापरील त्या प्रमाणात त्याला पाणीबिलात सूट द्यावी. जो केवळ मुरवणी करतो त्यालाही सूट मिळावी, कारण समाजाच्या वहीत जमा करणारा तोच आहे. विहिरी आणि टँकर यांचे नियमन करणारा भूजल कायदा आपल्याकडे २००२ पासून आहे. किनाऱ्यावर जो मोठा उपसा करतो त्याच्यावर मुरवणीची जबाबदारी टाकताना त्या कायद्याचा आधार घेता येईल. चौथी, नव्या इमारतींत शौचालयांसाठी वेगळी नळजोडणी प्रथमपासून घालावी. बांधतानाच ती घातली तर खर्च थोडा. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून घालायची तर तो अनेकपट होतो. पिण्यासाठी मात्र हे पाणी योग्य शुद्धीकरणाशिवाय कोणीही वापरू नये.

शेवटी एका गैरसमजाबद्दल. म्हादईच्या प्रश्नावर जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२ टीएमसी आणि गोव्यास २४ टीएमसी पाणी धरले आहे. छपरांवरचे पाणी साठविले की नद्यांची चिंता नको, असे म्हणणारे लोक या आकड्यांचा अर्थ समजून घेत नाहीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८०० कोटी लिटर. वर हिशेबात घेतलेल्या छपरासारखी जवळजवळ बारा हजार छपरे एकत्र केली तेव्हा कोठे एक टीएमसी पाणी होते. तेव्हा छप्पर नदीची जागा घेऊ शकत नाही, आणि म्हादईसाठी चाललेला आपला झगडा त्यामुळे तसूभरही कमी महत्त्वाचा ठरत नाही. उलट, जो समाज नदीच्या एकेका थेंबासाठी न्यायासनापुढे भांडतो त्याने आपल्या छपरावरचे पाणी गटारात सोडावे हे त्या भांडणाला शोभणारे नाही. शेजाऱ्याने आपला हिशेब मागितला तर दाखविण्याजोगी वही आपल्यापाशी असली पाहिजे.

सारांश असा. व्यापारी इमारतीच्या मालकास आम्ही मोठ्या लाभाचे आमिष दाखवीत नाही. छोटी टाकी, वारंवार भरणारी आणि वारंवार उपसली जाणारी. पठारावर आणि किनाऱ्यावर जपून केलेली मुरवणी. आणि दर मे महिन्यात दोन माणसांकडून दोन दिवस साफसफाई, एवढेच आम्ही मागतो. त्याच्या स्वतःच्या वहीत हा व्यवहार बरोबरीत सुटेल किंवा थोड्या नफ्याचा ठरेल. नळ अचानक आटतील त्या दिवशी त्याचे मोल कळेल. आणि वाड्यावरची विहीर एप्रिलमध्ये गोडी राहील तेव्हा त्याच्या नावाने कोणी पाटी लावणार नाही, पण त्या विहिरीवर घागर भरणाऱ्या घरांना त्याच्या छपराचे पाणी मिळत असेल. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मालकाने एकदा शिडी लावून आपल्या छपरावर चढावे, ते मोजावे, आणि हा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.